चौघांना मान्य असलेला

२ जून
आले एकदाची! वृद्धाश्रमातली माझी खोली धुलाईघराच्या वर आहे, त्यामुळे साबणाचा वास आणि कोमट फरशी, दोन्ही फुकट. घरात पदवी घेतलेली पहिलीच मी, म्हणून बाबांनी गल्लीभर सांगितलंय की मुलगी अधिकारी झाली. प्रत्यक्षात मी कार्यक्रम सहायक. कॅरम मांडायचे, वाढदिवस लक्षात ठेवायचे आणि भांडणं सोडवायची.

भांडणं खिडकीजवळच्या टेबलाची. तिथे निवृत्त नर्सबाई, टेलरचाचा, मास्तर आणि ड्रायव्हरकाका बसतात. तिघांचे तीन धर्म. ड्रायव्हरकाका कुठल्याच धर्माचे नाहीत. आज सैतानावरून अशी जुंपली की बाकीचे लोक ताटं उचलून लांब जाऊन बसले. अधीक्षकबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे असंच चाललं तर वार्षिक कार्यक्रमानंतर चौघांना चार वेगळ्या शाखांत पाठवणार. नंतर नर्सबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, पोरी, या तिघांशिवाय मला भांडायलासुद्धा कोणी उरलेलं नाही गं. मी शब्द दिलाय. चौघं एकत्रच राहतील.

५ जून
सुचलं! वार्षिक कार्यक्रमात चौघांचं नाटुकलं बसवायचं. विषय त्यांच्याच आवडीचा: एक माणूस मरून नरकाच्या दारात पोचतो. एकत्र काम केलं की माणसं जवळ येतात. यावर माझा मनापासून भरवसा आहे.

८ जून
डोकं दुखतंय. दारात कोण उभं आहे, एवढ्यावरच दुपार गेली. नर्सबाई म्हणाल्या, देवदूतच तो, गर्वापायी खाली फेकला गेला, आणि शेवटी आगीच्या तळ्यात त्याचाच निकाल लागणार. टेलरचाचा उसळले, की अहो बाई, देवदूत कसला? आगीतून घडवलेला तो, माणसापुढे झुकला नाही म्हणून हाकलला. फक्त कुजबुजतो, हाताला धरून ओढायची ताकद नाही त्याच्यात, अल्लाचा आसरा मागितला की पळतो. मास्तरांनी दोघांना वर्गातल्या पोरांसारखं गप्प बसवलं. त्यांच्या मते तिथे न्याय करणारा असतो, पाप फिटलं की सुटका आणि पुन्हा जन्म. ड्रायव्हरकाका आपले खो खो हसत होते. म्हणे, जन्मभर रात्रीचा ट्रक हाकला, पोलीस सोडला तर कोणी अडवलं नाही. मेलं की इंजिन बंद!

१० जून
पुठ्ठ्याची शिंगं केली, ती मास्तरांनी नाकारली. नर्सबाईंना साखळदंड हवेत, चाचांना नकोत. चाचांनी मला विचारलं, मॅडम, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मी पंच आहे, पंचाला मत नसतं. त्यावर काका म्हणाले, मग पगार कशाचा? सगळे हसले, मी सोडून. वैतागून नियमच केला: जे चौघांनाही मान्य तेवढंच नाटकात. एकाचीही हरकत असली की ते काढायचं.

११ जून
नियम झकास चालला. शिंगं, शेपूट, आग, साखळदंड, सगळं गेलं. वर बसलेला देव काकांच्या हरकतीमुळे गेला, आणि देवाचं नाव घेतल्यावर पळणंही त्याच्याबरोबर गेलं. पाप फिटून सुटका होणं नर्सबाईंना पटेना. शेवटी त्याचा पराभव होणं मास्तरांना पटेना. तो मुळात नाहीच, हेही काढलं, कारण त्यावर बाकी तिघांची हरकत. उरलं ते एवढंच: एक साधा, सभ्य माणूस खुर्चीत बसून वाट पाहतो. नाटकापुरतं चालेल, असं काकाही म्हणाले. त्याची भूमिका करायला मात्र कोणी तयार नाही. असू दे, खुर्ची रिकामी ठेवू.

१४ जून
तालीम फारच चांगली झाली. रिकाम्या खुर्चीशी बोलताना चौघं नेमके थांबतात, जणू समोरून उत्तर येतंय. भांडण नाही. अधीक्षकबाई खूष, शाखांचा विषय त्यांनी मिटवला.

मग माझी चिडचिड का होतेय? आता टेबलाशी कोणी बोलतच नाही. आणि ती खुर्ची जेवणाच्या टेबलाशी कोणी आणून ठेवली?

१६ जून
खुर्ची मी स्वतः कोठीत नेऊन ठेवली, कुलूप लावलं. दुपारी परत टेबलाशी. कोणी आणली म्हणून सगळ्यांवर ओरडले. कोणीच कबूल होत नाही. बसायची जागा कोमट होती.

१७ जून
नर्सबाईंनी प्रार्थना सोडली आहे. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ते आपण काढलं ना पोरी. चाचांचे ओठ सारखे काही पुटपुटत असायचे, तेही बंद. मास्तर येता-जाता विचारतात, संपतं कधी हे, संपतं कधी? ड्रायव्हरकाका खोलीबाहेर एकटे पडत नाहीत. मी त्यांची थट्टा करून पाहिली, की काका, इंजिन बंद ना? ते हसले नाहीत. म्हणाले, तेसुद्धा काढलं तू.

मी काढलं.

प्रत्येकाने त्याला आपापल्या परीने बांधून ठेवलं होतं. कोणी साखळीने, कोणी देवाच्या नावाने. काकांनी तर नुसतं हसून. जिथे भांडण होतं तिथेच गाठ होती, आणि मी शहाणी, एकमतासाठी एकेक गाठ सोडत बसले.

१८ जून
शिंगं घेऊन गेले. साखळदंडही. भांडा म्हटलं, वाट्टेल ते बोला एकमेकांना. काका, हे सगळं खोटं आहे म्हणा ना! चौघांनी नकारार्थी माना हलवल्या. एकदम. सारख्याच.

अधीक्षकबाई म्हणाल्या, बाई गं, बसलेली घडी मोडू नकोस. आता कोणाकडे जाऊ?

१९ जून
ड्रायव्हरकाका गेले. जेवणानंतर, लख्ख उन्हात, त्या खुर्चीकडे तोंड करून. तोंड — नाही लिहीत.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तिघांच्या डोळ्यांत पाणी नाही. चाचा म्हणाले, गेला कुठे? तिथेच आहे, ऐकू येतोय आम्हाला. बाहेर यायची वाट काढून टाकलीये ना.

२० जून
नाटक रद्द, असं मी जाहीर केलं. ऐकतच नाहीत. मास्तर म्हणाले, चार लागतात. नर्सबाईंनी माझा हात धरला — गार — आणि कानाशी म्हणाल्या, पोरी, तू बस. एकीची हरकत पुरे आहे. आम्हाला आता जमत नाही.

हे आधी कसं सुचलं नाही! नियम माझाच.

२१ जून
दुपार. काकांच्या जागी बसले आहे. मोठ्याने म्हटलं, मला मान्य नाही.

खुर्चीतून विचारलं — खूप सभ्यपणे — मग काय मान्य आहे?

काही नाही, म्हटलं, माझी फक्त हरकत आहे. तशी चालत नाही म्हणे. या चौघांच्या हरकतीमागे काहीतरी होतं. तुझ्यामागे?

वर कोणी आहे का — संपतं का — की इंजिन बंद — मी कधी ठरवलंच नाही. सगळ्यांचं ऐकून घेत राहिले, सगळ्यांचं बरोबर म्हणत —

नर्सबाई रडताहेत. काहीही सांग पोरी, पण तुला खरं वाटतं ते सांग.

आधी इथे लिहिते, मग वाचून दाखवते. खुर्ची सरकली — माझ्याकडे —

माझा विश्वास आहे, की