सतरावं गाणं

६ जाने., सोम.
कोराडीला आत्याकडे. मामाजींनी, म्हणजे तिच्या मिस्टरांनी, बुद्धविहारासाठी लिहिलेली गाणी मी साइटवर टाकली, ती दाखवायला तोऱ्यात गेलो. माझ्या फोनवर गाणी एकेक तरंगत येतात, मागे पिंपळाची पानं हलतात. आत्या म्हणाली, माह्यात लाव. लावली. नुसतं पांढरं. परत लावली. पांढरंच.
"याच्यात काईच नाई गा."
"फोन जुना झाला तुया. नवा घे."
"हा त्यायनं घेऊन देल्ला." पुसून पदराखाली ठेवला. मामाजींना जाऊन दोन वर्षं.
निघताना म्हणे, "रविवारी वही आणजो. बाया सतरावं मागून राहिल्या."
वही. अजून सांगितलं नाही तिला. मामाजींच्या हातची एकच. एका गाण्याच्या चालीबद्दल विचारायला ती घेऊन रामटेकला निघालो होतो, मनसरला बोरं दिसली, उतरलो, बस गेली. वही सीटवर. डेपोत चार चकरा झाल्या.

८ जाने., बुध.
जरीपटक्यात प्रशांतच्या मोबाइल-दुकानात. साइट बनवणं त्यानेच शिकवलं. पांढरं काहून दिसते, विचारलं. म्हणे, तुझं पान रिकामंच जाते, गाणी मागून स्क्रिप्ट, म्हणजे एक बारका प्रोग्राम, आणते. जुन्या फोनात ती चालत नाही, मग गाणी येतीन कुठून?
"मंग स्क्रिप्टशिवाय चालली पायजे ना साइट."
"एका आत्यासाठी? कोण करते बे आजकाल असं? रेशनच्या यादीवानी दिसन."
"दिसू दे."
"तू पयले वही सांभाळ, मंग जगाले शिकव."
लागलं. चहा त्यानेच पाजला.
सगळ्यांच्या साइटी अशा चालाव्यात का, मला काय ठाऊक. दहावीनंतर मी धड कुठे बसलो नाही. पण शब्द पहिले पोचावेत. पानं मागून हलली तर हलली.

१० जाने., शुक्र.
दिवसभर तेच. मधे पतंगी पाहायला गच्चीवर गेलो, दोन तास गेले.
गाणी थेट पानातच लिहिली. पिंपळ काढला. जिवावर आलं. विहारात बाया गाण्याचं नाव घेत नाहीत, वहीतला नंबर घेतात, "अकरावं घ्या वं." म्हणून नंबर टाकत गेलो. सोळा झालं, पुढे अठरा.
सतरावं मी वहीतून उतरवलंच नव्हतं. काय पाहायला उठलो असेन तेव्हा, आठवत नाही. गाणी बिननंबरी तरंगत होती तोवर हे कुणालाच कळलं नसतं. मलाही नाही.

१२ जाने., रवि.
विहारात वंदना झाल्यावर आत्याच्या फोनवर उघडली. आली. लगेच. ती अंगठ्याने खाली खाली जात राहिली, ओठ हलत होते. "हे त्यायनं ड्युटीवर लिवलं होतं, सिग्रेटच्या पाकिटावर."
शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "आता तू ऑनलाइन झाली वं. आमाले ओळखशीन ना?"
आत्या हसली. परत अंगठा फिरवला. "सतरावं कुठी आहे?"
"राहून गेलं."
"घे लिवून, मी सांगतो."
दोन कडवी सांगितली. मी फोनमध्ये उतरवली.
"तिसरं वहीत पाहून घे. त्याच्यात माह्यं नाव आहे. बायांसमोर कधी गायलं नाई, लाज वाटे. एकटी असली का वाचत होतो फक्त."
मी हो म्हटलं. का म्हटलं?

१५ जाने., बुध.
सकाळी परत डेपोत. नाही.
सतरावं टाकलं, दोन कडव्यांचं. खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली.
दुपारी तिचा फोन. "दिसून राहिलं गा, स्पष्ट. खाली जागा कायची?"
"घरी येतो. एक सांगायचं आहे."
"ये. तुरीच्या शेंगा उकडतो."
कोराडीच्या बसमध्ये लिहितोय. आधी काय बोलायचं, ते जुळत नाही. संक्रांत झाली तरी मैदानावर पतंगी आहेत, एक लाल, फार उंच. बस बराच वेळ थांबली होती तिथे.
उतरलो नाही.