ठिपक्यांचं चांदणं

सोमवार, ता. ३

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडतेस ते शेजाऱ्यांना ऐकू जातं. म्हणून पत्रच बरं.

पंधरा दिवस थकवा आहे. दात घासले की रक्त येतं, दंडावर निळे डाग उठलेत. तुझी मामी म्हणते, म्हातारपण अंगावर उमटलंय. तरी गुरुवारी रक्त तपासायला दिलं. मशीनने ठिपक्यांचं चित्र छापलं. तंत्रज्ञ म्हणाला, आजच डॉक्टरांना दाखवा. मला मात्र शाळेतली चांदण्यांची कविता आठवली. कागद कवितांच्या वहीत खूण म्हणून ठेवला, तो चार दिवस तिथेच राहिला. खरं सांगू? विसरलो नव्हतो. भ्यालो होतो. तुझं कामच त्या मशीनवर, म्हणून सोबत पाठवतोय.

लोभ आहेच, तो वाढवण्याइतके दिवस हाती असावेत.
तुझा मामा

बुधवार, ता. ५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र घेऊन हे स्वतः आलेत. त्यांना चहा विचारत बसू नका, गाडीत बसा.

मशीन प्रत्येक पेशीवर उजेड टाकून तिचा आकार आणि आतला पसारा मोजतं, मग ठिपका काढतं. जिथे मोकळी जागा हवी, तिथे तुमचा दाट ढग आहे. पण मशीन फक्त संशय घेतं, नाव माणसाने ठेवायचं. म्हणून तिथल्या प्रयोगशाळेतून तुमच्या रक्ताचा थेंब पसरलेली काच मागवली. मी दुर्बिणीखाली पाहिली, आमच्या डॉक्टरबाईंनीही पाहिली. पेशींत बारीक काड्यांच्या मोळ्या आहेत. मामा, हा रक्ताचा कर्करोग आहे, झपाट्याने वाढणारा. मात्र या प्रकारावर गोळ्या आहेत, बरीच माणसं उठून घरी जातात. जनुकांची तपासणी होईल तेव्हा होईल, गोळी आजच. रक्तस्रावाची भीती आहे; दाढी करू नका.

घाईत लिहितेय, अक्षर चालवून घ्या. ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुमच्यावर रागवायचं राहिलंय, त्यासाठी तरी थांबा.

आशीर्वाद समोर बसून द्यावा,
तुमची भाची

रविवार, ता. १६

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद. तू वॉर्डाच्या काचेपलीकडून काय बोलतेस ते कळत नाही, म्हणून नर्सबाईंच्या हाती ही चिठ्ठी.

तपासणीने तुझंच म्हणणं खरं ठरवलं. शेजारची खाट आज रिकामी झाली. का, ते मी विचारलं नाही. मामीला सांगू नकोस.

कवितेची दुसरी ओळ आठवत नाही. त्यात एक मुलगी चांदण्या मोजते, आणि एकही कमी भरली की रडते. शाळेत मीही तिच्याबरोबर रडायचो. उद्या सकाळी मशीन पुन्हा मोजेल. तू ते चित्र आधी पाहशील. त्या ढगाच्या जागी आकाश रिकामं दिसलं, तर काचेपलीकडून नुसती हास. मला ऐकू यायची गरज नाही.

लोभ उद्यापुरता तरी असू दे.
मामा