गंजिफाच्या डावातली तिसरी जागा

मी, विनोदिनी माणिक पारखे, वय सत्तावीस, राहणार नानाखेडा, उज्जैन, पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात इंदूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणतात. तरी मी दमले आहे आणि राहिलेले सांगून मोकळी होते.

१. माझे डोळे दान करावेत. पुढच्या जन्मी आंधळी होईन असे आत्या म्हणेल. तिला चहा द्यावा, वाद घालू नये.

२. स्कूटी मैत्रीण मधुराला. बँकेतली शिल्लक आईला, तिच्या एकटीच्या नावावर. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून बाबांनी माझे प्रमाणपत्र देवाशेजारी टांगले आहे. ते काढावे. तिथे हात जोडताना मला संकोच वाटतो.

३. आजोबांचा गंजिफाचा संच, म्हणजे दहा अवतारांची गोल पाने, आणि डावातली माझी तिसरी जागा मी आई अंबिका हिला देते. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आजोबांच्या दहाव्याला प्रसादकाकांची बस उशिरा आली आणि बाबा राम घाटावर भावासाठी थांबले नाहीत. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. तरी काका रविवारी येतात, कारण आजोबांचा डाव मोडायचा नाही एवढ्यावर दोघांचे एकमत आहे. गंजिफाला तिघे लागतात, म्हणून मला शिकवले. निम्म्या अवतारांत दहाचे पान मोठे, निम्म्यांत एकाचे. मी नेमके उलटे टाकायची. काका म्हणायचे, "बेटा, बी.ए. केलंस की घास छीली?" बाबा हसायचे, पण माझ्याकडे बघून.

दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातात तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. त्यामुळे संध्याकाळी दोघे माझ्यामार्फत भांडतात.

"विनू, सांग त्याला, अजून उजेड आहे."

"विनू, विचार त्यांना, खिडकी दिसते का."

मग आतून आई म्हणते, "दिवा लावला मी. रात्र झाली." दोघे मुकाट ऐकतात.

त्याच आईने एकदा पाने हातात घेतली, तर बाबा म्हणाले, "राहू दे अंबू, तुझ्या बस की बात नाही." ते मी विसरलेले नाही. तिला माझ्याइतक्याच चुका करू द्याव्यात. आणि तिने कोणाचा निरोप कोणाला पोचवू नये. मी पोचवत आले, त्यातून काही जुळेल असे मला वाटायचे. आता वाटत नाही.

४. आईला खेळायचे नसेल तर जबरदस्ती नको. मग दोघांनी समोरासमोर बसावे आणि काय होते ते बघावे.

५. साक्षीदार म्हणून दोघा भावांनी एकाच वेळी, माझ्यासमोर सही करावी.

ठिकाण: उज्जैन
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२४

लिहून देणार: विनोदिनी माणिक पारखे

साक्षीदार:
१. माणिक यज्ञेश्वर पारखे
२. प्रसाद यज्ञेश्वर पारखे

सह्यांनंतर लिहिलेले: सही करताना बाबांना ओळ दिसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान वर केली नाही. मग ते काकांना म्हणाले, "पश्या, चष्मा दे." काकांनी आपला पुसून दिला. म्हणाले, "आरामात लिही, दादा." कलम तीन कायम आहे.