उपासाच्या घरी फेरेट

मंगळवार, ९ मे २००६

आधी श्यामलाच आली. शेजारीण म्हणून बेल वाजवायची नाही, थेट मागच्या दारानं. इंग्लंडातल्या आमच्या या निम्म्या स्लाऊ गावाच्या बातम्या सांगून झाल्या — कुणाच्या सुनेनं नोकरी सोडली, कुणी सोफा घेतला — आणि मधेच म्हणते, "काकू, तुमच्या कचऱ्याच्या डब्यामागं मुंगूस!"

मुंगूस दिसणं म्हणजे शुभच. मी हात जोडले. पांढरट, लांबुडकं, गारठलेलं. उचललं तर कुशीत शिरलं. दूधभात कालवून दिला. संध्याकाळी सून आली, सुचेता. नाकाला लावायला पदर नाही म्हणून बाही लावली. "आई, कसला हो हा वास?"

बुधवार, १० मे

माझा मोजा पळवून सोफ्याखाली नेला. वर माझ्याकडेच बघतो, लबाड. हसून पोट दुखलं.

गुरुवार, ११ मे

दूधभात बाधला. सारखं पातळ होतंय, मान टाकून पडलाय. मी नुसती हात फिरवत बसले — दुसरं काय येतं मला? नात देविका त्याला व्हेटकडे, जनावरांच्या डॉक्टरकडे, घेऊन गेली. मुंगूस नाहीच म्हणे, फेरेट. दिसायला तसंच, इथं घरात पाळतात. "आजी, तो फक्त मीट खातो. दूध दिलं तर मरेल."

आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. त्यात गुरुवार, माझा दत्ताचा उपास. देविकानं चिकन आणून गॅरेजमध्ये घातलं. मी दाराशी डोळे मिटून उभी. चपचप ऐकू आली तेव्हा उघडले. खाल्लं बाई!

व्हेट मालकाला शोधतोय. न सापडो.

शनिवार, १३ मे

आज हातमोजे घालून मीच भरवलं. तेवढ्यात फोन — मालक सापडला.

रविवार, १४ मे

मालक म्हणजे एक गोरे आजोबा, लेकीचा हात धरून आलेले. घर आवरताना दार उघडं राहिलं नि हा निसटला, म्हणाले. "टोबी" अशी हाक मारली. गेला की पळत, शिरला त्यांच्या बाहीत. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आजोबा रडले. मी चहा ठेवला, त्यात साखर घालायची राहिली. घेऊन गेले.

मोजा सोफ्याखालीच आहे. राहू दे.

मंगळवार, १६ मे

परत दारात तिघं — आजोबा, लेक नि बाहीत टोबी. आजोबांना केअर होममध्ये ठेवतायत, तिथं जनावर चालत नाही. टोबी इथंच राहील. आजोबांना त्याला आपल्या हातानं भरवायचंय, चिकन ते घेऊन येणार. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला गॅरेजमध्ये कसं बसवू? स्वयंपाकघरातच बसवते.

गुरुवारी येतो म्हणाले.