सुकट कुणी भाजली

१२ जुलै
आईने सुकट पाठवली. तीन पिशव्यांत बांधून, वर लोणच्याची बरणी, वास झाकायला. दिल्लीत, राजेंद्र नगरातल्या या खोलीत अंडंसुद्धा चालत नाही, घरमालक खालीच राहतात. सिद्धांत म्हणाला, "हेरंब, नको रे. रिस्क आहे यार." माझा रूममेट. लातूरचा शाकाहारी जीव — मुंगी दिसली तरी वाट सोडतो.

१४ जुलै
भाजली. खिडक्या लावून. पाच मिनिटांत घरमालक अंकल दारात, नाकाला रुमाल. "मछली किसने बनाई?"

मी तव्याकडे बघत राहिलो. सिद्धांतने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "मैंने, अंकल."

ज्याने जन्मात मासा तोंडात घातला नाही, तो! अंकल त्याला म्हणाले, "शाम तक कमरा खाली करो."

बॅग भरताना विचारलं, का केलंस? म्हणे, "मला अजून तीन अटेम्प्ट आहेत. तुझा हा शेवटचा." यूपीएससीची मेन्स जेमतेम सहा आठवड्यांवर. मी त्याची गादी खाली नेऊन दिली. तेवढं केलं.

१५ जुलै
खोली मोठी वाटते. भाजलेली सुकट होतीच, भाताबरोबर संपवली.

२३ जुलै
सिद्धांत बुराडीत एका तळघरात राहतोय. ओल आहे, अभ्यास होत नाही म्हणाला. क्लासला आला तो खोकतच.

हा धाडसी वगैरे नाही. अशा माणसांना नाही म्हणता येत नाही, एवढंच. न केलेला गुन्हा कबूल करणं हाही भित्रेपणाच.

पुन्हा वाचलं. मलाच पटलं नाही. तरी खोडत नाही.

२७ जुलै
क्लासमध्ये नीतिशास्त्राची टेस्ट. 'धैर्य म्हणजे काय? स्वतः अनुभवलेलं उदाहरण द्या.' पेन थांबलंच नाही — मित्राने मासे भाजले, घरमालक आला, मी पुढे झालो, दोष अंगावर घेतला! काही खोटं लिहिलं नाही, फक्त माणसांची अदलाबदल केली. सिद्धांत दोन बाक पुढे, अंगात ताप, लिहीत होता.

४ ऑगस्ट
टायफॉइड निघाला. सिद्धांत लातूरला गेला. यंदा मेन्स देणार नाही. स्टेशनवर गेलो नाही, रिव्हिजन होती. लाज वाटली. अर्धा तास वाटली, मग पुस्तक उघडलं.

९ ऑगस्ट
टेस्टचे पेपर मिळाले. धैर्याला दहापैकी सात. शेरा — 'अस्सल. मनापासून लिहिलंय.' सरांनी वर्गात वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, विनयशील दिसलो असणार.

सिद्धांतचाही पेपर त्याच्या सांगण्यावरून मीच घेतला. बॅगेत आहे.

१० ऑगस्ट
त्याचा पेपर वाचला. त्या प्रश्नाला त्याने माझ्यावर लिहिलंय. 'माझा मित्र पाचदा नापास झाला. गावात हसतात, वडील बोलत नाहीत. तरी रोज पहाटे पाचला उठून तो पुन्हा बसतो. एवढा धीराचा माणूस मी पाहिला नाही.'

दहापैकी दोन. शेरा — 'उदाहरण पटत नाही.'

फोन करून मार्क कळवले. शेरा नाही सांगितला.