वस्त्रगाळ मिश्री

तरोडा नाका, नांदेड
३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
आनंदराजचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, अजून जिवंत आहे. फोन सोडून पत्र का, तर परवा मी तुला फोनवर करडई काढली का म्हणून विचारलं आणि तू म्हणालीस, हाव, दोन डाव जेवले. ऑपरेशनपासून माझं बोलणं म्हणजे तोंडात चिखल धरून बोलल्यासारखं झालंय. समीक्षालाही तीन-तीनदा सांगावं लागतं. मग ती चिडते, आणि बापावर चिडले म्हणून आत जाऊन रडते. तुझा फोन बटणांचा, त्यातला मेसेज तुला चष्मा लावूनही दिसत नाही. माझं अक्षर मात्र तुला लागेल, तूच गिरवून घेतलंस.

खुशाली कळवायची रीत आहे म्हणून कळवतो. उजवा गाल आतून काढला, जबड्याचं हाड थोडं काढलं आणि त्या जागी छातीचं कातडं आणून शिवलं, हे तू दवाखान्यात पाहून गेलीस. तेव्हा दिसलं नाही ते आता ऐक. माझ्या छातीवर केस किती ते तुला माहीत आहे. ते केस आता तोंडात उगवून राहिलेत. जीभ फिरवली की लागतात. सकाळी आरशात नीट पाहिले आणि नाकातल्या नळीतून विशाखाने घातलेली पेज सगळी बाहेर आली. लाळ दिवसभर हनुवटीवरून गळते. उशी, बनियन, हा कागद, सगळ्याला एकच आंबूस वास. विशाखा चेहऱ्यावर काही दाखवत नाही, पण रात्री पाठ करून झोपते. मी तिच्या जागी असतो तर दुसऱ्या खोलीत गेलो असतो.

त्यात भेटायला येणारे. माझ्याबरोबरचा लाइनमन भुजंग गालात गुटख्याचा गोळा धरूनच आला. माझं तोंड पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळ्यामुळे बोलता येईना, म्हणून उठला, गॅलरीतून पिचकारी मारली आणि परत येऊन लई वाईट झालं रे म्हणत रडला. खाली कुणाची तरी धुतलेली चादर वाळत होती, ते भांडण विशाखाने निस्तरलं. भुजंगाच्या तोंडाच्या वासाची मला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी याची आली, की त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

आता शेक द्यायचे आहेत. आपले लोक शेक म्हणतात, डॉक्टर रेडिएशन म्हणतात. जखम भरली आहे, आता उशीर केला तर रोग पुन्हा डोकं काढील आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही, असं त्यांनी विशाखाला स्पष्ट सांगितलं. त्यासाठी तोंडाचा साचा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची, चेहऱ्यावर ताणून बसवायची, गार झाली की ती कडक होते. शेक देताना डोकं हलू नये म्हणून तीच जाळी टेबलाला अडकवतात. साचा कसाबसा झाला. पहिल्या शेकाला जाळी अडकवली, माझीच लाळ माझ्या नाकाशी साचली, आणि मी हातपाय झाडून ती काढायला लावली. चपला तिथेच राहिल्या, अनवाणी रस्त्यावर आलो. पुन्हा जाणार नाही. हे विशाखाच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तोंड स्वच्छ ठेवा म्हणतात. ब्रशने रक्त येतं, पेस्ट झोंबते. कसं ठेवायचं ते त्यांनाच ठाऊक.

लोभ आहेच. माझा वास चाकूरपर्यंत पोचत नाही तोवर तो टिकावा.
तुझा,
आनंदराज


चाकूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. आनंदराज यास,
आक्काचा मायेचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा संताप आला. भर पावसात खांबावर चढणारा माणूस प्लास्टिकच्या जाळीला भिऊन चपला टाकून पळतो! म्हणे किळस येते. अंगणवाडीत तीस वर्षं मी लोकांच्या लेकरांचे शेंबूड काढले, हगवणीची पोरं धुतली, कृमी काढले. किळस करत बसले असते तर पहिल्याच महिन्यात घरी आले असते. लाळ गळते तर गळू दे. रांगत होतास तेव्हाही गळायची, माझं पोलकं कायम ओलं असायचं. आणि विशाखाच्या पाठीकडे बघत पडू नको. दिवसभर तुझं करून ती बिचारी थकते, पाठ टेकायला तिला एवढीच जागा आहे.

त्या भुजंगाला माझा निरोप दे, पुन्हा गोळा धरून आलास तर आक्का चाकूरहून येऊन झाडूने काढील. गुटखा म्हणजे निव्वळ घाण. आपल्या घरात कुणाला कसलं व्यसन नव्हतं, तुलाच कुठून लागलं कळत नाही. माझी साठी उलटली, मला अजून सुपारीचं खांड माहीत नाही.

शेजारचा रेवणसिद्ध लेकीकडे नांदेडला येतोय, त्याच्याकडे पिशवी दिली आहे. त्यात भाजलेल्या मुगाचं पीठ आहे, नळीतून जाईल असं पातळ कढण करा. माझं जुनं लुगडं मधोमध फाडून अर्ध्याच्या चिंध्या केल्या आहेत, लाळ पुसायला. विकतचे रुमाल खरखरीत असतात, तुझी हनुवटी सोलायची. अर्धं ठेवून दिलंय, लागलं तर कळव. आणि तळाशी स्टीलची डबी आहे. तुला ब्रश चालत नाही, पेस्ट झोंबते, म्हणून मिश्री करून धाडली. कालच तव्यावर काळीभोर भाजली, वाटली आणि तुझं तोंड नाजूक म्हणून वस्त्रगाळ केली. बोटाने हिरडीला लाव, थोडा वेळ धर आणि थुंकून टाक. वास जाईल. मी चाळीस वर्षं लावते, एक दात हलला नाही.

माझं बरं आहे. एवढंच, की अलीकडे तिखट फार झोंबतं आणि भाकरीचा मोठा घास तोंडात जात नाही. उष्णता वाढली असेल, ताक पिते.

चपला आणायला म्हणून तरी दवाखान्यात जा. विशाखाला, समीक्षाला मायेचं सांग, आणि माझ्या रागावण्यातली माया तेवढी वेचून घे.
तुझी,
आक्का


नांदेड
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

पिशवी मिळाली. डबी उघडल्यावर विशाखाला वाटलं काजळ आहे. मला वासावरूनच कळलं, आणि तुझ्या लुगड्याची पहिली चिंधी ओकारी पुसण्यात गेली.

आक्के, मिश्री म्हणजे तंबाखू. तू दुकानातून तंबाखू आणतेस, तव्यावर जाळतेस, आणि जळून काळा झाला की तुझ्या लेखी तो औषध होतो. गुटख्याने ज्याचा गाल गेला त्या भावाला तू तंबाखू वस्त्रगाळ करून धाडलास, वर हिरडीला लावून धर म्हणून सांगितलंस. जखमेचे टाके विरघळून अजून किती दिवस झाले? भुजंग बरा म्हणायचा, आपण काय खातो ते त्याला ठाऊक तरी आहे. डॉक्टर प्रत्येकाला आधी हेच विचारतात, तंबाखू, गुटखा, मिश्री, तिन्ही एका दमात. बायका पहिल्या दोन्हींना नाही म्हणतात आणि तिसरं आलं की पदर तोंडाला लावतात. मी बाकावर बसून हे रोज पाहिलं, आणि माझ्या घरातलं मला दिसलं नाही.

डबी विशाखाने संडासात रिकामी केली. राग ओसरल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि शेवटाला येऊन थांबलो. तिखट झोंबतं, मोठा घास जात नाही, ताक पिते. हे माझे शब्द आहेत, आक्का. ऑपरेशनच्या आधी वर्षभर मी विशाखाला हेच सांगत होतो आणि ताकच पीत होतो.

तुझ्या पाया पडतो, आरसा घेऊन उन्हात जा. खालचा ओठ उलटा कर, जिथे मिश्री धरतेस तिथे बघ. पांढरं काही आहे का? आणि उभी बोटं तोंडात घालून बघ, तीन जायला हवीत. खरं काय ते लिही. तुला खोटं लिहिता येत नाही, तेवढ्यावरच मी बसलो आहे.

शेकाला अजून गेलेलो नाही. दवाखान्याचे फोन येतात, समीक्षा उचलते आणि बाबा झोपलेत म्हणून सांगते.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझा,
आनंदराज


चाकूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. आनंदराज यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चुलीतच घालणार होते. आपली आई लावायची, आजी लावायची, गल्लीतली एकूण एक बाई सकाळी ओट्यावर बसून बोट फिरवत सगळ्या गावाच्या बातम्या सांगते. कुणी त्याला तंबाखू म्हटलेलं मी ऐकलं नाही. समोरची गौरम्मा म्हणाली, भावाचं डोकं दुखण्याने फिरलंय, मनावर घेऊ नको.

तरी आरसा घेतला, तुझ्या दाजींचा दाढीचा, ते गेल्यापासून कुणी न उचललेला. ओठ उलटा केला. डाव्या बाजूला साय चिकटल्यासारखं पांढरं आहे, हिरडीपर्यंत. पदराने पुसलं, गेलं नाही. नखाने खरवडलं, तर रक्त आलं. मग मला माझ्याच तोंडाची अशी घाण वाटली, की पाणी प्यायले तरी ते पांढरं गिळतेय असं वाटायचं. तीस वर्षं कशाचीही किळस केली नाही म्हणून मागच्या पत्रात मिरवलं, ती सगळी एकदम आली. बोटं दोन जातात. तिसरं जात नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मिश्री लावली. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. लिहायची लाज वाटते, पण तू तोंडातल्या केसांचं लिहिलंस, मग मी कशाला मागे राहू.

दवाखान्यात जा म्हणशील. जाणार नाही. हरभरा काढायला आलाय हे एक, पण ते काही खरं कारण नाही. मी तुला तिथे खाटेवर पाहिलंय. मीही तशीच खाटेवर पडले आणि तसं तोंड घेऊन उठले तर काय करू? आणि तू कोणत्या तोंडाने मला सांगतोस? स्वतः अनवाणी पळालास. ज्या दिवशी तू त्या जाळीखाली झोपशील, त्या दिवशी मी डॉक्टरपुढे तोंड उघडीन. आधी नाही.

विशाखाला म्हणावं डबीबद्दल माफ कर. भाजताना मला फार छान वाटलं होतं.
तुझी,
आक्का


नांदेड
४ मार्च २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

आज झोपलो. सूज उतरून जुना साचा सैल झाला होता, म्हणून नवा करावा लागला, नाहीतर आधीच कळवलं असतं.

बरं व्हायचं म्हणून गेलो असं म्हणणार नाही. ती हौस कधीच फिटली होती. तू लिहिलेलं ते पांढरं माझ्या डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून गेलो. लाइनमन म्हणून सांगायचं तर करंट काहीच नाही. चटका नाही, मुंग्या नाहीत, नुसती घरघर. घाण होती ती सगळी माझी. लाळ गिळता येईना, जाळीच्या भोकांतून ओघळली आणि कानात गेली. मी मनात वंदना म्हणायला लागलो, मध्येच विसरलो, मग आमच्या लाइनवरच्या गावांची नावं घेत गेलो. अर्धापूरच्या पुढे पोचलो तोवर त्यांनी जाळी काढली. गालावर तिचे चौकोन उठले होते. विशाखाने तुझ्या चिंधीने माझा कान पुसला आणि चक्क नाक मुरडलं. मला बरं वाटलं, आक्का. इतके दिवस ती मुरडत नव्हती तेच जड जात होतं.

आता आठवड्यातले पाच दिवस, दीड महिना. तोंड आतून सोलवटेल, चव जाईल, थुंकी आटेल असं सांगितलंय. केसही झडतील म्हणाले. तेवढी एक बातमी चांगली. भुजंग मोटारसायकलवर नेतो-आणतो. माझ्यासमोर पुडी काढत नाही, जिन्यात जाऊन खातो आणि थुंकू नये लिहिलंय त्या पाटीवरच थुंकतो.

तुझी अट मी पाळली. आता तू पाळ. तू दवाखान्यात गेली नाहीस असं ज्या दिवशी कळेल, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीही जाणार नाही. विशाखा म्हणते ही धमकी झाली. होय, धमकीच आहे.

माया पातळ करू नये, उत्तर लवकर यावं.
तुझा,
आनंदराज


चाकूर
१७ मार्च २०२५

चि. आनंदराज यास,
आक्काचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

लातूरला जाऊन आले. गौरम्माला बरोबर नेलं, ती रस्ताभर हसत होती. डॉक्टरीण आपल्या समीक्षाएवढी. तिने तंबाखू, गुटखा, मिश्री असं एका दमात विचारलं, अगदी तू लिहिलंस तसं. माझा हात पदराकडे गेला होता. मग तू आठवलास आणि हाव म्हणाले. तिने ओठातला तुकडा काढून तपासायला दिला. गौरम्मालाही जबरदस्तीने तोंड उघडायला लावलं. तिचं अजून साफ आहे, पण येताना बसमध्ये ती हसली नाही.

परवा रिपोर्ट आला. सुरू झालंय. पण लहान आहे, लवकर काढलं तर बहुतेक तेवढ्यावर भागेल, शेक लागतील का ते नंतर सांगू, असं म्हणाली. मी नांदेडलाच तुझ्या डॉक्टरांकडे करून घेणार आहे. रविवारी येते, विशाखाला कळव. मिश्री उकिरड्यावर टाकली. सकाळी पोट दगड होतं, साऱ्या जगाचा राग येतो आणि हात आपोआप कोनाड्याकडे जातो. तरी गेला तसा परत येतो.

तू शेक चुकवू नको. सोमवारपासून मी बाहेर बाकावर बसेन. तुझ्या लाळेची मला किळस येणार नाही असं मागे लिहिलं होतं, ते खोडते. आता येते. मी नाक मुरडलं तर विशाखाने मुरडल्यावर वाटलं तसंच बरं वाटून घे, आणि माझ्या तोंडाकडे बघून तूही मुरड, मी काही म्हणणार नाही.

हरभरा रेवणसिद्धच्या हवाली केलाय. लुगड्याचं उरलेलं अर्धं आज फाडून पिशवीत घातलं. त्यातलं मागू नको. ते माझ्यासाठी आहे.
तुझी,
आक्का