माहेरचं दुखणं

पुलगाव, ४ जानेवारी

चि. भूपेंद्रास रीताताईचे अनेक आशीर्वाद.
वि. वि. फोनवर तू विषय वांग्याच्या भावावर नेतोस, म्हणून पत्र. आजोबा आणि बाबा, दोघंही हृदयविकारानं पन्नाशीआधी गेले. तू सत्तेचाळीसचा आहेस. तुझी बायको वर्षाली रडत सांगत होती, छातीत दुखतं तरी तंबाखूचा खर्रा सुटत नाही. रक्तातच आहे तर तपासून काय फायदा, म्हणतोस म्हणे. बियाणं कमजोर निघालं म्हणून मळ्याचं पाणी तोडतोस का?
राग खर्ऱ्यासोबत थुंकून टाक, लोभ ठेव.
तुझी ताई

वडनेर, ११ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न.
तुझ्या पत्रापेक्षा वर्षालीच्या अबोल्याले भिऊन हिंगणघाटले गेलतो. दुखणं स्नायूचं निघालं, पण कोलेस्टेरॉल फार वाढलेलं. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं बदलत नाई, म्हणूनच हातातलं सोडायचं. खर्ऱ्याची पुडी तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. येताना पानठेल्याकडे पाह्यलं नाई. बरं, एकदाच पाह्यलं.
मग त्यांनी विचारलं, बहिणीले काऊन नाई तपासलं? म्हटलं, तिचं तर लग्न झालं. ते माझ्याकडे पाहतच राहिले. ताई, तू तपासून घेजो.
धाकट्यावरची माया कमी करू नको.
भूपेंद्र

पुलगाव, १७ जानेवारी

चि. भूपेंद्रास अ. आ.
पुडी टाकली आणि लगेच डॉक्टर झालास! मला काय होणार? आडनाव बदललं, कुलदैवत बदललं. ते दुखणं माहेरच्या पुरुषांचं. मी तर तेल मोजून घालते, रोज फिरते. परवा हळदीकुंकवाला शेजारचा जिना चढताना जबडा दुखला, दरदरून घाम आला, तेवढंच. काल पुन्हा. तिळाच्या लाडवांचं पित्त असेल. ओवा खाल्ला की बसतं.
पथ्य सांभाळ, आणि मला हसू नकोस.
ताई

सेवाग्राम, २० जानेवारी

चि. भूपेंद्रास अ. आ.
इथं दवाखान्यात आत फोन ठेवू देत नाहीत, म्हणून ही चिठ्ठी रोशनीच्या हाती. माझ्या पत्राला उत्तर न लिहिता तू भाजीची गाडी घेऊन दारात उभा राहिलास, आणि मी वाटभर भांडले. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबले असते तर जिन्यातच राहिले असते. रोजच्या फिरण्यानं इतके दिवस निभावलं, पण रक्त बाबांचंच. उद्या सकाळी स्टेंट बसवणार आहेत. भीती वाटते रे.
वैशाखात माझी रोशनी सासरी जाईल. भांडी, साड्या नंतर पाहू. आज परत जाण्याआधी तिचं रक्त तपासून घे. ती नको म्हणेल. माझीच मुलगी आहे.
तुझा लोभ तपासायला नको, तो आहेच.
ताई